पूर्ण देव, पूर्ण माणूस : प्रस्तावना

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात गालील सरोवरातला एक प्रसंग आहे. दिवसभर काठावरच्या गर्दीशी बोलून दमलेला येशू होडीच्या मागच्या भागात उशीवर डोकं ठेवून झोपी जातो. वादळ सुटतं, लाटा आत येऊन होडी भरू लागते, तरी त्याला जाग येत नाही. शिष्य त्याला हलवून उठवतात; आम्ही बुडायला लागलो तरी तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, असं जवळजवळ चिडूनच विचारतात. तो उठून वाऱ्याला दटावतो आणि पाणी निवतं. वादळात वाटली नसेल एवढी भीती शिष्यांना आता वाटते. हा आहे तरी कोण, असं ते एकमेकांना विचारतात. मार्क प्रसंग तिथेच सोडून देतो.

हीच गोष्ट मत्तय आणि लूक यांनीही सांगितली आहे, पण उशी फक्त मार्काकडे आहे. मला ती उशी फार मोलाची वाटते. समुद्राला गप्प करणं हे ज्यू माणसाच्या लेखी एकट्या परमेश्वराचं काम. स्तोत्रसंहितेत ते पुन्हा पुन्हा येतं. आणि उशी लागते ती मान अवघडणाऱ्याला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल, पाच-सहा वाक्यांच्या आत, कसलाही खुलासा न करता सांगितलेल्या आहेत. खुलासा करायला पुढे चारशे वर्षं लागली. त्यापायी बिशपांच्या गाद्या गेल्या, माणसं हद्दपार झाली, काही जिवानिशी गेली आणि ख्रिस्तमंडळाची जी शकलं झाली ती आजही जुळलेली नाहीत. हे पुस्तक त्या खुलाशाचा इतिहास आहे.

येशू पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूसही आहे, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. शाळेच्या पुस्तकात तो एका वाक्यात उरकतात, आणि वाचणाऱ्याचा समज असा होतो की कुणा धर्मपंडितांनी बसून हे तत्त्व रचलं आणि भाबड्या लोकांनी ते मानलं. प्रत्यक्षात लोक आधीपासूनच त्याची प्रार्थना करत होते. इ. स. 112च्या सुमारास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला पत्राने कळवतो, की हे ख्रिस्ती लोक ठरल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. पौलाची पत्रं तर त्याहून कितीतरी जुनी. येशूला क्रुसावर दिल्याला जेमतेम तीसेक वर्षं झाली असतील, तेव्हा पौल फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो की देवाच्या स्वरूपात असलेल्या याने दासाचं रूप घेतलं आणि मरणापर्यंत, तेही क्रुसावरच्या मरणापर्यंत, स्वतःला नमवलं. येशूला पाहिलेली, त्याच्याबरोबर जेवलेली माणसं तेव्हा हयात होती.

आणि ही पहिली माणसं कोण? देव एकच आहे, हे रोज सकाळ-संध्याकाळ म्हणणारे ज्यू. मूर्तीपुढे मान तुकवण्यापेक्षा मरण बरं, असं मानणाऱ्यांची ही लेकरं. एखाद्या राजाला देव करून टाकणं रोमन माणसाला काहीच जड नव्हतं. सम्राट मेला की सिनेट ठराव करून त्याला देवत्व देत असे. ज्यू माणसाला ते अशक्य होतं. ग्रीक पंडिताची अडचण वेगळी होती. त्याचा देव अविकारी, दुःख त्याला शिवत नाही. असा देव लाझाराच्या थडग्यापाशी रडला, त्याला तहान लागली, त्याच्या हातापायांत खिळे ठोकले, हे ऐकून तो हसत असे. म्हणजे ही श्रद्धा ज्या दोन समाजांत वाढली त्या दोघांनाही ती गिळणं कठीण होतं.

साहजिकच पळवाटा निघाल्या. पहिली पळवाट म्हणजे तो माणूस नुसता दिसला, देह हा देखावा, वेदना हा देखावा. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला श्वापदांपुढे टाकण्यासाठी रोमला नेत होते. वाटेत लिहिलेल्या पत्रांत तो विचारतो, की ख्रिस्ताने सोसल्याचं नुसतं सोंग केलं असेल तर माझ्या हातातल्या बेड्या कशासाठी? या युक्तिवादाला तर्कशास्त्रात किती गुण पडतील ते पडोत. त्या बेड्यांपुढे ती पळवाट टिकली नाही. दुसरी पळवाट म्हणजे तो साधा पुण्यवान माणूस होता, देवाने त्याला दत्तक घेतलं. तीही फार चालली नाही. कस लागला तो तिसऱ्या वाटेने, कारण ती काढणारा माणूस बुद्धिमान होता, धार्मिक होता आणि त्याच्या बोलण्यात तथ्य होतं.

एरियस हा अलेक्झांड्रियातला धर्मगुरू. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : पिता अनादी आहे, आणि पुत्र म्हटला की त्याला आरंभ आलाच, म्हणून पुत्र सगळ्या सृष्टीत श्रेष्ठ, सृष्टीच्याही आधीचा, पण निर्माण केलेला. देव तो एकच, पिता. आपलं मत लोकांच्या तोंडी बसावं म्हणून त्याने खलाशी, गिरणीवाले आणि वाटसरू यांच्यासाठी गाणी रचली असं जुने इतिहासकार सांगतात. आपल्यापैकी बहुतेकांना, खरं सांगायचं तर, पहिल्या वाचनात एरियसचंच पटतं. देवाचं एकपण राहतं, येशूचा मोठेपणा राहतो, डोक्याला ताप नाही.

मग बिघडलं कुठे? अलेक्झांड्रियाचा तरुण डीकन, पुढे तिथलाच बिशप झालेला अथनेशियस याने नेमकं बोट ठेवलं. माणूस देवापासून तुटला आहे आणि मरणाच्या तावडीत आहे, तारण म्हणजे त्याला परत देवाशी जोडणं. जो स्वतः निर्मिलेला आहे तो दुसऱ्या निर्मिलेल्याला देवापर्यंत कसा नेणार? तोही याच काठावरचा. आणि तुम्ही त्याची भक्ती करता, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देता. तो देव नसेल तर ही शुद्ध मूर्तिपूजा झाली. ‘हे कसं शक्य आहे’ हा अथनेशियसचा प्रश्नच नव्हता. आपल्याला तारायचं असेल तर तारणारा कोण असावा लागेल, एवढंच तो विचारत होता. या पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक लढाई शेवटी याच प्रश्नावर येऊन ठेपते, आणि प्रत्येक वेळी मंडळीने समजायला सोपा असलेला येशू नाकारला आहे.

325 साली सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, बिशपांची परिषद भरवली. परंपरा 318 बिशप सांगते; अभ्यासक दोनशे ते तीनशेच्या दरम्यान धरतात. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असा शब्द मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर निवेदनात, घातला गेला. तो शब्द शास्त्रात कुठेच नाही, ही अनेकांची तक्रार होती आणि ती रास्त होती. दोन लिबियन बिशपांनी सही केली नाही. ते आणि एरियस हद्दपार झाले. प्रकरण मिटलं असं सम्राटाला वाटलं असावं. पण पुढची पन्नासेक वर्षं पारडं सतत हलत राहिलं. अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला, बिशपपदाच्या पंचेचाळीस वर्षांतली सतरा त्याने गादीबाहेर काढली. आणि कॉन्स्टंटाइनने 337 साली मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो एरियसचा पाठीराखा असलेल्या निकोमेडियाच्या युसेबियसकडून! राजसत्तेने हे मत लादलं, असं ठोकून देणाऱ्यांनी एवढा तपशील जरूर पाहावा. पुढच्या सम्राटांपैकी कॉन्स्टँशियस आणि व्हेलेन्स तर उघड उघड निकेयाच्या विरोधकांच्या बाजूचे होते.

हा वाद दरबारात आणि मठांत कोंडलेला नव्हता. न्यिसाचा ग्रेगरी कॉन्स्टंटिनोपलबद्दल वैतागून सांगतो, की मोड मागायला जावं तर सराफ जन्मलेला आणि अजन्मा यांवर प्रवचन देतो; पावाचा भाव विचारला तर पिता थोर आणि पुत्र त्याच्या खाली असं उत्तर मिळतं; स्नानाचं पाणी तापलं का म्हणावं, तर स्नानगृहातला नोकर सांगतो की पुत्र शून्यातून निर्माण झाला. ग्रेगरीला याचा त्रास होत होता. मला मात्र त्या पाववाल्याचा हेवा वाटतो.

381 साली कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेने निकेयाचा निर्णय पक्का केला. तोवर नवी सोय निघाली होती : येशूचा देह माणसाचा, पण मन देवाचं. अपोलिनारिसची ही कल्पना एका दृष्टीने सुटसुटीत आहे. पण नाझियान्झसच्या ग्रेगरीने तिला मोजक्या शब्दांत निकालात काढलं : त्याने माणसाचं जे घेतलंच नाही, ते बरंही झालं नाही. पाप मनात शिरतं. मन वगळून नुसत्या देहाचं तारण करणारा तारक काय कामाचा?

पाचव्या शतकातली भांडणं चौथ्यापेक्षा कडू. कॉन्स्टंटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याला मरीयेला ‘देवाची आई’ म्हणणं खटकलं. तिला ख्रिस्ताची आई म्हणा. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही, असं तो म्हणाला. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने हेच वाक्य धरलं. ते बाळ देव नसेल तर क्रुसावर मेला तोही नुसता माणूसच, आणि एका माणसाच्या मरणाने जगाचं काय होणार? 431च्या जूनमध्ये इफिस इथे परिषद बोलावली होती. अंत्युखियाचे बिशप अजून वाटेत होते. सिरिलने त्यांची वाट न पाहता कामकाज सुरू केलं आणि एका दिवसात नेस्टोरियसला पदच्युत केलं. रात्री गावकऱ्यांनी मशाली पेटवून बिशपांना बिऱ्हाडापर्यंत पोचवलं, बाया धूप घेऊन पुढे चालत होत्या. चार दिवसांनी अंत्युखियाची मंडळी पोचली, त्यांनी वेगळी सभा भरवून सिरिललाच काढून टाकलं. नंतर दरबाराचं मन वळवण्यासाठी अलेक्झांड्रियाहून गालिचे, पडदे, हस्तिदंती आसनं आणि भरपूर सोनं गेलं. त्याची यादी आजही उपलब्ध आहे. सिरिल मला माणूस म्हणून मुळीच आवडत नाही. पण तारण करणारा एकच, दोन नव्हेत, हे त्याने जितकं खोल जाऊन पाहिलं तितकं नेस्टोरियसने पाहिलं नाही, हेही मान्य करावं लागतं. लाच देणाऱ्याचं मत बरोबर असू शकतं, हे धर्माच्या इतिहासात पचवायला अवघड जातं.

भांडण तेवढ्यावर मिटलं नाही. 449 साली इफिसलाच पुन्हा परिषद झाली. तिथे कॉन्स्टंटिनोपलचा बिशप फ्लेवियन याला धक्काबुक्की झाली आणि थोड्याच काळात तो मेला. रोमच्या पोप लिओने तिला दरोडेखोरांची सभा म्हटलं. पुढच्या वर्षी सम्राट थिओडोशियस घोड्यावरून पडून मेला नसता, तर तीच सभा अधिकृत ठरली असती. 451च्या ऑक्टोबरमध्ये कॅल्सिडन इथे, आज इस्तंबूलचा भाग असलेल्या कडिकॉय उपनगरात, संत युफेमियाच्या मंदिरात पाचशेहून अधिक बिशप जमले. त्यांना खरं तर नवी व्याख्या नको होती, सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी ती करायला लावली. देवपणात पित्याशी एकतत्त्व, माणूसपणात आपल्याशी एकतत्त्व, पापाखेरीज सर्व बाबतींत आपल्यासारखा. एकच व्यक्ती, दोन स्वभाव. हे दोन स्वभाव एकत्र कसे नांदतात, याला दिलेली चारही उत्तरं नकारार्थी आहेत : मिसळून नाही, बदलून नाही, विभागून नाही, तुटून नाही. कॅल्सिडनने कोडं सोडवलं नाही. कोडं मोडून सोपं करायच्या चार वाटा बंद केल्या आणि मधली जागा मोकळी ठेवली.

सगळ्यांना हे रुचलं नाही. अलेक्झांड्रियात कॅल्सिडनच्या बाजूच्या बिशपाला, प्रोटेरियसला, 457 साली जमावाने ठार केलं. इजिप्तची कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियन आणि इथिओपियन मंडळी वेगळी झाली. नेस्टोरियसला आदराने स्मरणारी पूर्वेची मंडळी त्याआधीच वेगळी होती. हा सगळा नकाशा एकाच ठिकाणी पाहायचा असेल तर केरळात जावं : रोमशी जोडलेले सिरो-मलबार, कॅल्सिडन न मानणारे मलंकरा ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट, आणि त्रिशूरला पूर्वेच्या मंडळीचे खाल्डियन. मुंबई-पुण्यात नोकरीला आलेल्या मल्याळी शेजाऱ्याच्या चर्चचं नाव नीट वाचलं तरी पाचव्या शतकातली एखादी बाजू समोर येते. 1973 आणि 1994 साली रोमने अनुक्रमे कॉप्टिक आणि पूर्वेच्या मंडळीबरोबर संयुक्त निवेदनं काढली. आपण शब्दांवरून भांडत आलो, श्रद्धा बहुतांशी एकच होती, असा त्यांचा आशय. तो मला अर्धाच पटतो. शब्दांवरून एवढी माणसं मरत नाहीत.

आता आपल्याकडे येतो, कारण हा वाद समुद्र ओलांडून इथेही आला आणि त्याचा सगळ्यात लखलखीत भाग बंगाली आणि मराठी माणसांच्या हातून घडला. राममोहन रॉय यांनी 1820 साली येशूच्या नीतिवचनांचा संग्रह काढला आणि चमत्कार व देवत्व बाजूला ठेवलं. सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन त्यांच्यावर तुटून पडले. गंमत अशी की राममोहनांच्या सहवासात नव्या कराराचं बंगाली भाषांतर करता करता विल्यम अ‍ॅडम नावाचे बॅप्टिस्ट मिशनरीच 1821 साली येशूचं देवत्व सोडून मोकळे झाले. बाकीचे मिशनरी त्यांना पतन पावलेला दुसरा आदाम म्हणू लागले. हा वाद म्हणजे पंधराशे वर्षांनी कलकत्त्यात परत आलेला एरियस.

पंडिता रमाबाईंचं प्रकरण याहून खोल आहे, आणि या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्यांच्यावर आहे. वाराणसीचे चित्पावन शास्त्री, पुढे ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लिखाणाने रमाबाईंचं मन वळलं आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लगेच खटके उडू लागले. बायबल त्यांना मान्य होतं, एकच देव मान्य होता. पण त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवत्व यांबद्दल चर्च जे म्हणतं ते शास्त्रात कुठे आहे, असा प्रश्न त्या विचारू लागल्या. एका बाजूला त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन, दुसऱ्या बाजूला चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील. बीलबाईंनी रमाबाईंचे आक्षेप मुद्दा म्हणून घेतले आणि मुद्देसूद उत्तरं दिली. जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. 1885च्या पत्रात रमाबाई त्यांना बजावतात, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू नुकतंच मानेवरून उतरवलं आहे, दुसऱ्या पुरोहितांचं जू घ्यायची माझी तयारी नाही. मला स्वतःची बुद्धी आहे, सदसद्विवेक आहे. रमाबाईंच्या लहान मुलीला, मनोरमेला, कोणतं धर्मशिक्षण द्यायचं, यावरही खडाजंगी झाली. हा सगळा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाने 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापला आहे.

रमाबाई निकेयाला असत्या तर त्या कुठल्या बाकावर बसल्या असत्या, हे मला ठरवता आलेलं नाही. त्या शास्त्रार्थात वाढल्या होत्या. शब्द शास्त्रात नाही ही निकेयातल्या कुरकुरणाऱ्या बिशपांची तक्रार त्यांचीही होती. पण त्यांनी स्वतः नंतर सांगितलं आहे, की ख्रिस्ती धर्म मिळाला तेव्हा ख्रिस्त मिळालाच नव्हता. तो 1890च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाला. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आधी प्रार्थना केली, व्याख्या मागाहून आली. रमाबाई व्याख्येशी भांडत भांडत प्रार्थनेपाशी गेल्या. दोन्ही रस्ते एकाच जागी पोचले का, याबद्दल वाचकाने स्वतःचं मत बनवावं; माझं त्या प्रकरणाच्या शेवटी दिलं आहे.

अवताराशी तुलना मराठी वाचकाच्या मनात येणारच. ती टाळावी असं मला वाटत नाही. 1616 साली राशोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत पुराण सांगायचं ठरवलं, तेव्हाच ही शेजारधर्माची गोष्ट त्यांनी मान्य केली होती. नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. तरी फरक राहतोच. जनाबाईबरोबर दळायला बसलेला विठ्ठल खरोखर दमला की दमल्यासारखं दाखवलं, यावर पंढरपुरात कधी परिषद भरली नाही. भक्ताला तो प्रश्न पडत नाही, आणि न पडण्यात त्याचं सुख आहे. ख्रिस्ती परंपरेने तोच प्रश्न जिवावर घेतला, कारण तिच्या हिशेबात तारण त्या दमण्यावर अवलंबून होतं. शिवाय हा एकदाच घडलेला जन्म आणि एका रोमन सुभेदाराच्या नावाने तारीख लागणारं मरण. पंतय पिलाताचं नाव मतांगीकारात दर रविवारी घेतलं जातं ते याचसाठी.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. पहिली तीन प्रकरणं नव्या करारातल्या उताऱ्यांवर आहेत, चौथ्यापासून परिषदा सुरू होतात. मॅक्सिमस या मठवाशाची जीभ आणि उजवा हात 662 साली तोडला तो कशासाठी, म्हणजे ख्रिस्ताला माणसाची स्वतंत्र इच्छा होती की नाही हा वाद, आठव्या प्रकरणात आला आहे. गेथशेमाने बागेतली प्रार्थना आधी वाचून ते घ्यावं. शेवटची दोन प्रकरणं हिंदुस्थानातली. ग्रीक तत्त्वज्ञानातल्या संज्ञांचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी पाचवं आणि सहावं प्रकरण खुशाल सोडावं, सातव्यातलं कॅल्सिडन मात्र सोडू नये. ख्रिस्ती वाचकाला काही ठिकाणी माझा सूर कोरडा वाटेल, आणि ख्रिस्ती नसलेल्याला काही ठिकाणी नको इतका ओला. दोन्ही तक्रारी मला मान्य आहेत.